अप्पांच्या अर्जातली मी

आमच्या घरात कुणाला नोकरी लागली की लोक आधी अप्पांचं अभिनंदन करायचे आणि मग नोकरी लागलेल्याचं. माझे वडील, अप्पा, एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, आणि इंग्रजीत अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारा आमच्या गल्लीत कुणी नव्हता. दादा बँकेत लागला तो अप्पांच्या अर्जावर. काकांचा मोहन टेलिफोन खात्यात गेला तोही. समोरच्या कन्नड मास्तरांच्या जावयाची बदली कोलारहून परत म्हैसूरला झाली, तेव्हा मास्तर देवळात जायच्या आधी नारळ घेऊन आमच्याकडे आले होते. अर्ज लिहायचा असला की अप्पा दुपारच्या कॉफीनंतर हातपाय धुऊन टेबलाशी बसायचे. तेवढा वेळ घरात रेडिओ बंद. पांढरा फुलस्केप, निळी शाई, आणि 'आय बेग टु स्टेट'नं सुरुवात. मग रविवारी सगळ्यांची जेवणं झाली की तो अर्ज घराला वाचून दाखवायचा. पोस्टाच्या पेटीत पडण्याआधी अर्ज घरच्यांच्या कानांवरून गेला पाहिजे, असा त्यांचा नियम होता. एक परिच्छेद इंग्रजीत, मग त्याचा अर्थ मराठीत, आणि मराठी अडलं की कन्नडमध्ये. काका विडा चघळत मान डोलवायचे, आई आणि काकू एकमेकींकडे न बघता सुपारी कातरायच्या, आणि ज्याचा अर्ज असेल तो कोपऱ्यात बसून आपण किती गुणी आहोत हे पहिल्यांदाच ऐकत असायचा.

मी त्या कोपऱ्यात फार बसले. बी.ए. झाले होते, म्हणजे नापास झाले नव्हते इतकंच. पुढं काय करायचं असं कुणी विचारलं की मी अप्पांकडे बघायची, कारण ते त्यांनी कुठं तरी लिहिलेलं असणारच. अर्जातली शैला, म्हणजे मी, विलक्षण होती. तिला टंकलेखन येत होतं, चित्रकला येत होती, ग्रंथालयासाठी अर्ज असला तर वाचनाची आवड होती आणि इस्पितळासाठी असला तर सेवावृत्ती. मला ती मुलगी आवडायची. एकदा तर रविवारी वाचन ऐकता ऐकता मनात आलं की हिच्याशी आपली मैत्री झाली तर बरं होईल. मुलाखतीला मात्र तिच्याऐवजी मी जात असे, आणि घोटाळा तिथंच व्हायचा.

घरातलं माझं खरं काम वेगळंच होतं, पण त्याला कुणी काम म्हणत नव्हतं. आम्ही खाली राहायचो आणि काका-काकू माडीवर. आई म्हैसूरचीच, तिचे पणजोबासुद्धा इथलेच; तिची आमटी म्हणजे चिंच, गूळ आणि वाटलेलं ओलं खोबरं. काकू साताऱ्याहून लग्न होऊन आलेल्या, गोड्या मसाल्याचा डबा घेऊनच. एका हळदीकुंकवाला काकू चार बायकांत हसत म्हणाल्या की आमच्या जाऊबाई हुळी करतात आणि तिला आमटी म्हणतात. हुळी म्हणजे इथलं सांबार. आईनं ते ऐकलं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं ते सहा वर्षं. भांडण नाही, आदळआपट नाही; रविवारची पंगतही खाली एकत्रच व्हायची, दोघी शेजारी उभ्या राहून वाढायच्या. फक्त एकमेकींशी बोलायचं नाही. जे काही बोलायचं ते माझ्यामार्फत, खालून वर आणि वरून खाली.

माडीला चौदा पायऱ्या होत्या, लाकडी, आणि पाचवी करकरायची. त्या चौदा पायऱ्यांत मी निरोप बदलायची. आई खाली म्हणायची, "जा सांग त्यांना, पुरणात गूळ उगीच सुम्ने ओततात म्हणावं, कुणाला मधुमेह द्यायचाय काय की." वर पोचेपर्यंत त्याचं होऊन जायचं, "काकू, आई म्हणते तुमच्या हातचं पुरण म्हणजे पुरण." काकू वरून म्हणायच्या, "त्यांच्या गोज्जूनं माझे दात आंबले, पुन्हा पाठवू नका म्हणावं." खाली यायचं ते असं की काकूंनी गोज्जू पुन्हा मागितलाय. गोज्जू म्हणजे चिंचगुळाचं दाट आंबट कालवण, आणि आईला त्याचा अभिमान. मग दर शनिवारी वाटीभर गोज्जू माडीवर जाई, आणि दर सणाला काकू मुद्दाम आमच्यासाठी जास्त गूळ घालून पुरण शिजवत. हे सगळं मी शहाणपणानं करत होते असं आता लिहिता आलं असतं. तसं नव्हतं. मला रागावलेली तोंडं बघवत नसत, एवढंच. त्या भित्रेपणावर ते घर सहा वर्षं सुरळीत चाललं.

त्या वर्षी अप्पांनी मुदत घातली. दसऱ्यापर्यंत नोकरी लागली तर ठीक, नाही तर माझा लग्नाचा बायोडाटा पुण्याला आणि बेळगावला पाठवायचा. तो लिहून तयार होता. त्यातली शैला गृहकृत्यदक्ष होती, सुगरण होती, मनमिळाऊ होती आणि तिचा आवाज गोड होता. अर्ज फसला तर फार तर घरी नकाराचं कार्ड येतं. बायोडाटा जमला असता तर पसंत ती मुलगी झाली असती आणि नांदायला मला जावं लागलं असतं. कुणाच्या तरी घरी जन्मभर मुलाखत देत बसायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाकरवी, घरातले निरोप नेणारी मीच होते.

अशात हुणसूर रस्त्याला, हिनकलच्या अलीकडे असलेल्या एका छोट्या कारखान्यातून मुलाखतीचं बोलावणं आलं. तिथं शाळांच्या प्रयोगशाळांना लागणारे तराजू, भिंगं, चिमटे असलं सामान तयार व्हायचं. कचेरीत मदतनीस हवी होती. कारखाना म्हटल्यावर अप्पांनी माझ्या अर्जात प्रथमोपचार घातला होता. कारखाना चालवायच्या गौरम्मा मॅडम, साठीच्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, नाकावर चष्मा. त्या अर्ज वाचत होत्या तेवढ्यात दारातून मेस्त्री आत आले. सिद्धप्पा मेस्त्री म्हणजे कारखान्यातले सगळ्यांत जुने कारागीर, पन्नाशीच्या पुढचे. कानसीनं बोट कापलं होतं आणि ते बोट धरून शांतपणे उभे होते. मॅडमनी अर्जावरून नजर वर केली, पट्टीचा डबा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "बांध."

मी रक्ताकडे एकदाच बघितलं आणि डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनी, मनात देवाचं नाव घेत, चांगले सात-आठ वेढे दिले आणि गाठ मारली. डोळे उघडले तर पट्टी शेजारच्या बोटावर. कापलेलं बोट होतं तसंच होतं. मेस्त्रींनी दोन्ही बोटं निरखून बघितली आणि म्हणाले, "परवागिल्ल अम्मा," म्हणजे असू दे, काही बिघडत नाही, आणि जाऊन स्वतःच नळाखाली हात धरला.

मॅडम हसल्या नाहीत. अर्ज उचलून त्यांनी विचारलं, हा कुणी लिहिलाय. मी म्हटलं, आमच्या वडिलांनी. त्या कन्नडमध्ये बोलत होत्या, मी इथं मराठीत सांगतेय: "छान लिहिलाय. तुझ्या वडिलांना नोकरी हवी असेल तर मी उद्या ठेवून घेते. पण तू कोण, ते यात कुठंच नाही."

त्या म्हणाल्या, "आठ दिवसांनी ये. एक पान लिहून आण. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तू जे करतेस ते. दुसरा कुणीही लिहू शकेल असं वाक्य त्यात नको. भाषा कुठलीही चालेल, मला कन्नड आणि इंग्रजी वाचता येतं."

माझी शाळा कन्नड, घर मराठी, कॉलेज इंग्रजी, आणि तिन्हींत मी काठावर पास. शेवटी कन्नडमध्ये लिहिलं, कारण अप्पा त्या भाषेत अर्ज लिहीत नसत, त्यामुळे उसनी वाक्यं हाताशी येत नव्हती. पहिल्या पानावर मी सहाला उठते, अंघोळ करते, देवाला फुलं काढते, वर्तमानपत्र वाचते असं होतं. पुढच्या शनिवारी मॅडमनी हातात शिसपेन्सिल घेऊन ते वाचलं. त्यांची पद्धत अशी की जे वाक्य लिहिणाऱ्याचंच वाटेल त्याच्याखाली रेघ ओढायची, बाकीच्याला हात लावायचा नाही. माझ्या पानावर एकही रेघ उमटली नाही. "हे तर आमची म्हैससुद्धा लिहील," त्या म्हणाल्या, "फक्त वर्तमानपत्र सोडून." दुसऱ्या खेपेला मी दीड पान लिहून नेलं, मैत्रिणी, सिनेमा, विणकाम, सगळं घालून. त्यात अगदी खाली, जागा उरली म्हणून, लिहिलं होतं: दुपारी काकूंचा निरोप आईला सांगते. पेन्सिल तिथं थांबली. बारीकशी रेघ. "कसला निरोप?" मी जरासं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग पान परत देत म्हणाल्या, "हे लिही. बाकीचं टाकून दे."

मी आता म्हैसूरच्याच टोकाला, बोगादीला राहते. आमच्या अपार्टमेंटच्या हॉलमध्ये दर शनिवारी सकाळी दहा-बारा मुलंमुली येतात, बरीचशी पुण्या-नाशकाहून नोकरीसाठी आलेल्या लोकांची, काही इथलीच. पुढं काय करायचं ते कळत नाही अशा वयातली. त्यांचे नोकरीचे बायोडाटा हल्ली कॉम्प्युटर लिहून देतो, एक सेकंदात, आणि काय सुंदर लिहितो. ते वाचताना मला अप्पांची इतकी आठवण येते की परवा एका मुलीचा बायोडाटा वाचून मी तिला म्हटलं, ह्याला निळी शाई लागली असती तर शोभलं असतं. तिला कळलं नाही. मी पेन्सिल घेऊन बसते आणि बहुतेक वेळा रेघ न ओढताच पान परत देते. मुलं चिडतात. चिडू दे. मीही चिडले होते. तेव्हा घरी येताना बसमध्ये मनातल्या मनात त्या म्हशीवरून मॅडमना मी पुष्कळ ऐकवलं होतं.

तिसरं पान मी शुक्रवारी दुपारी अप्पांच्या टेबलाशी बसून लिहिलं, त्यांच्याच शाईनं. सगळं लिहिलं. चौदा पायऱ्या, पुरण, गोज्जू, कुठल्या पायरीवर काय बदलते ते. लिहिताना पहिल्यांदाच हात भरभर चालला. शाई ओली होती म्हणून पान टिपकागदाच्या पॅडमध्ये ठेवलं आणि आईनं हाक मारली तशी उठून गेले. आमच्या घरात कुणालाही अर्ज लिहून हवा असला की कच्चा मजकूर अप्पांच्या टिपकागदाच्या पॅडमध्ये ठेवायचा, तोंडानं सांगायचंसुद्धा नाही. गल्लीतल्या परक्या माणसांनाही ही रीत ठाऊक होती. मी मात्र विसरले. दुसऱ्या दिवशी मॅडम गावाला जाणार होत्या म्हणून सोमवारी यायचं ठरलं होतं, त्यामुळे पान कुठं आहे ते मी बघायलाच गेले नाही.

रविवारी पंगत उठली. काकांनी विडा लावला. अप्पांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की आमच्या शैलूनं यंदा स्वतः मुद्दे काढून दिलेत, त्यामुळे अर्ज जरा वेगळा झालाय. मी कोपऱ्यात बसले होते. मला वाटलं, जुनाच कुठला तरी असेल. अप्पांनी पहिला परिच्छेद इंग्रजीत वाचला आणि मला माझं पान ओळखू आलं. अप्पांचं एक होतं, मजकूर कुठलाही असो, इंग्रजी करताना त्यांचं लक्ष काळ, वचन आणि स्वल्पविराम यांच्यावर. अर्थ त्यांच्यापर्यंत पोचायचा तो रविवारी, मराठीत सांगताना. "म्हणजे असं," ते प्रसन्न आवाजात सांगू लागले, "की अर्जदार गेली सहा वर्षं घरातल्या दोन वडीलधाऱ्या स्त्रियांचे निरोप एकमेकींना पोचवीत आहे. निरोप कडू असल्यास जिन्यात त्यात योग्य ते फेरफार..."

तिथं ते थांबले. कागद जवळ घेतला, लांब धरला. अडकित्त्यांचा आवाज बंद झाला होता.

काकूंनी मान वळवली आणि सरळ आईकडे बघून विचारलं, "म्हणजे माझ्या हातचं पुरण तुम्हाला आवडत नाही?"

सहा वर्षांनी आलेला प्रश्न होता तो. "तसं नव्हे जाऊबाई," ती म्हणाली, "गोड जास्ती होतं की. पण मी तसं सांगून पाठवलं होतं."

"मला तर 'पुरण म्हणजे पुरण' असं पोचलं. म्हणून मी आणखी गूळ घालत गेले."

"अय्यो. मत्ते, मग माझा गोज्जू?"

"आंबट होतो हो. पहिल्या वर्षीच कळवलं मी."

"दर शनिवारी वाटी भरून पाठवते की वर."

"ती मोहनच्या डब्यात जाते."

मोहन सुपारी चघळत म्हणाला की ऑफिसात सगळ्यांना आवडतो. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. दोघी एकदमच माझ्याकडे वळल्या होत्या. मग मला जी बोलणी बसली ती मी जन्मात विसरणार नाही. आईला राग आला की ती कन्नडमध्ये जायची आणि काकू साताऱ्याच्या बोलीत. एकीला शब्द अडला की दुसरी पुरवत होती. मी काय काय सांगितलं असेल याची उजळणी दोघींनी मिळून केली, सणवार धरून, आणि मधेच आईला हसू फुटलं ते पदरानं दाबून तिनं पुन्हा मला बोलायला सुरुवात केली. संध्याकाळी पाचवी पायरी करकरली तेव्हा मी दचकले, कारण मी खालीच होते. आई चढत होती. गेली ती गुळाचं प्रमाण सांगायलाच, म्हणजे भांडायलाच, पण स्वतः गेली. मला नोकरी लागायच्या आधी माझी होती ती नोकरी गेली.

मला हलकं वाटायला हवं होतं आणि वाटलंही, अप्पा सोडून. ते पान त्यांच्यासाठी नव्हतं, मॅडमनी मागितलं होतं, हे बोलणी खाताना माझ्या तोंडून निघून गेलं होतं. अप्पांनी तो अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि मला एकच वाक्य म्हणाले, "माझ्या पाठीमागे तू दुसरा अर्ज लिहीत होतीस." मी काही बोलायच्या आत ते उठून गेले. त्यानंतर आमच्यात बोलणं नाही. घरात पुन्हा अबोला, फक्त माणसं बदललेली.

सोमवारी मी कारखान्यात गेले ती जवळजवळ रडवेली होऊन. अप्पांच्या पॅडमधून काढून आणलेलं पान दिलं आणि घडलं ते सगळं सांगून टाकलं. मनात होतं की मॅडम पोट धरून हसतील आणि नोकरी देतील. त्यांनी अर्ध्या पानाखाली रेघा ओढल्या. मग म्हणाल्या, "सहा वर्षं तू दोन माणसांना ओळखून होतीस. कोण कशानं दुखावतं, कशानं शांत होतं, सगळं तुला ठाऊक. असं माणूस मला हवंय. पण त्या दोघींची सहा वर्षं तू घेतलीस. पहिल्याच वर्षी खरं पोचलं असतं तर तेव्हाच जिना चढून गेल्या असत्या त्या."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं की मी घर सांभाळलं.

कोपऱ्यात एक खोकं होतं, एका शाळेनं परत पाठवलेल्या तराजूंचं. मॅडमनी ते दाखवलं. "मेस्त्रींना जाऊन सांग. तराजू परत आलेत, काटा शून्यावर थांबत नाही, आणि तपासणीची सही त्यांची आहे. एवढंच. काही घालायचं नाही, काही गाळायचं नाही. आणि सांगून झाल्यावर पळून यायचं नाही. तुला जमलं तर उद्यापासून ये. नाही जमलं तर तसं येऊन सांग, मी रागावणार नाही."

कचेरीपासून शेडपर्यंत एक अंगण होतं, मध्ये पेरूचं झाड. ते ओलांडताना माझ्या तोंडात वाक्यं आपोआप गोड व्हायला लागली. मेस्त्री, शाळेला तुमचे तराजू फार आवडले पण. मेस्त्री, प्रवासात धक्का लागला असेल. झाडाखाली मी उभी राहिले. परत फिरून बसस्टॉपवर जाता आलं असतं. दसरा बारा दिवसांवर होता, बायोडाटा कपाटात तयार होता, आणि त्यातली मुलगी कुणाला कधी वाईट बातमी सांगणारी नव्हती. मी शेडमध्ये गेले. मेस्त्रींसमोर उभी राहिले आणि सांगितलं तसं सांगितलं. शेजारच्या बाकावर कामाला नव्यानं लागलेल्या दोन मुली होत्या, त्यांचे हात थांबले.

मेस्त्रींचा चेहरा बघणं अवघड होतं, पण मी बघितला. त्यांनी हात पुसून एक तराजू उचलला, उजेडाकडे धरला, जवळ आणला, लांब नेला, आणि "हौदु," म्हणाले. होय. स्टूलवर बसले. "उगादीच्या पाडव्यापासून बारीक रेघ दिसत नाही मला. मी कुणाला सांगितलं नाही. या सगळ्यांना कळलं असणार, पण कुणी मला सांगितलं नाही." त्या मुलींकडे बघितलं तर त्यांनी माना खाली घातल्या. त्यांना माहीत होतं. आदरापोटी गप्प होत्या.

मी पळाले नाही. मेस्त्रींनी मला स्टूल दाखवलं, "कूत्को," बस म्हणाले, आणि काटा शून्यावर का थांबत नाही ते समजावून सांगू लागले, मला आणि त्या मुलींना. बोटांना सगळं ठाऊक होतं, डोळे तेवढे कमी पडत होते. आठवड्याभरात मॅडमनी व्यवस्था बदलली. मेस्त्री शिकवणार, मुली बघणार, आणि सही मेस्त्रींची नि बघणाऱ्या मुलीची. आणि नवीन येणाऱ्या प्रत्येक मुलीशी बोलायचं, तिला काय येतं, कशाची भीती वाटते, कुठल्या बाकावर ती रमेल हे ओळखायचं आणि तिला तोंडावर खरं सांगायचं, हे काम माझं. कचेरीतली मदतनीस म्हणून मी एक दिवसही काम केलं नाही. तिथं शिकले ते मात्र पुढं जन्मभर पुरलं.

नेमणुकीचं पत्र घेऊन घरी आले तेव्हा आई आणि काकू दोघी खाली पापड लाटत होत्या, आणि काही तरी वाद चालला होता, तोंडासमोर. काकूंनी लाटणं ठेवून माझ्या तोंडावरून हात ओवाळला. आईनं पत्र अप्पांना दाखवायला सांगितलं आणि माझा चेहरा बघून हळूच म्हणाली, "मी जाऊन सांगू काय गे त्यांना? बरोब्बर सांगते, त्यांना लागणार नाही असं."

मी म्हटलं, नको. मीच जाते.

अप्पा टेबलाशी बसले होते. समोर माझा बायोडाटा होता. पत्र वाचून त्यांनी ते सरळ करून ठेवलं. "अर्ज बाजूला ठेवून नोकरी," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता, "माझ्या अर्जांत काय खोट होती?"

गोड उत्तरं पुष्कळ होती. चौदा पायऱ्या असत्या तर एखादं देऊनही टाकलं असतं. मी म्हटलं, "अप्पा, अर्ज फार सुंदर असायचे. मी त्यात नसायची."

अप्पांना लागलं. मला ते दिसलं, आणि मी तिथंच उभी राहिले. बाहेर लाटण्याचा आवाज चालू होता. मग त्यांनी बायोडाटा उचलला, एकदा वरून खाली वाचला, जणू दुसऱ्या कुणाच्या मुलीचा आहे, आणि विचारलं, "मग तू कशी आहेस?"

मी म्हटलं, "मला अजून पानभरच कळलंय."

"सरी, बरं," अप्पा म्हणाले. खुर्ची सरकवून त्यांनी मला बसायला जागा केली. "तेवढं सांग. उरलेलं कळेल तेव्हा सांग."